नव्याने आणलेल्या बॉल पायथनच्या अंगावर माइट्स : ऐन पावसाळ्यात कोकणात काय करावे?

पावसपाणी
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त परदेशी गेल्याने त्याचा बॉल पायथन नुकताच आमच्या रत्नागिरीजवळच्या घरी राहावयास आला आहे. साप प्रौढ असून साडेतीन फुटांच्या आसपास आहे, स्वभावाने शांत आहे आणि हाताळताना कुठलाही त्रास देत नाही. आल्यापासून तो बराच वेळ पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसलेला असतो. प्रवासाचा शीण असावा असे घरात सर्वांचे मत पडले, परंतु भांडे धुताना तळाशी खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके दिसले आणि त्यांतील काहींना पाय होते. विजेरी घेऊन पाहिले असता हनुवटीखालच्या खाचेत तसेच ठिपके आढळले, डाव्या डोळ्याच्या कडेला एक खवला किंचित उचलल्यासारखा दिसला, आणि त्याखाली एक ठिपका अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसलेला होता. सापाच्या अंगावर ठिकठिकाणी पांढरट भुकटीही आहे.

हे माइट्स, म्हणजे सापाचे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत याबद्दल मला फारशी शंका नाही. परदेशी संकेतस्थळांवर जे उपाय दिलेले असतात त्यांतील निम्मी औषधे येथे मिळत नाहीत, आणि उरलेले उपाय कोरड्या हवेच्या प्रदेशासाठी लिहिलेले वाटतात. आमच्याकडे सध्या कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येत आहे. अशा हवेत हे किडे कसे आवरावेत? घरात दोन मांजरे आहेत, परसात कोंबड्या आहेत आणि आईचा कापरावर गाढ विश्वास आहे, हेही लक्षात घेऊन सांगावे.

तिखटजाळ
आमच्या वाडीत कोणी साप पाळला असता तर माइट्सचा प्रश्न येण्याआधीच ग्रामसभा भरली असती. आपल्या घरच्यांच्या सहनशीलतेला प्रथम नमस्कार.

कायदेकानू
उपचाराआधी एक बाब स्पष्ट व्हावी. हा खरोखर आफ्रिकेतील बॉल पायथन आहे ना? कारण आपल्याकडचा अजगर, धामण, मांडूळ किंवा अन्य कोणताही देशी साप घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे, आणि त्याच्या अंगावरचे किडे काढण्याचा सल्ला देणेही येथे योग्य ठरणार नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी सर्वच पायथन साइटीस या, वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील, कराराच्या परिशिष्टांत येतात. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, अशा प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची चार आली, आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. साप एका व्यक्तीकडून दुसरीकडे गेला की त्याचीही नोंद व्हावी लागते.

पावसपाणी
बॉल पायथनच आहे. मावसभावाच्या नावे नोंदणी झालेली असून माझ्या नावे हस्तांतरणाचा अर्ज केला आहे. कागदपत्रांची प्रत सापाच्या पेटीजवळच ठेवली आहे.

माडवाला
पावसपाणी, मी दापोलीकडचा बागायतदार आहे. साप पाळलेला नाही, पण माइट्सशी माझा संबंध अनेक वर्षांचा आहे, कारण आमच्या नारळांवर इरिओफाईड कोळी येतो आणि फळांवर तपकिरी चट्टे पाडतो. आम्ही त्यावर निंबोळीपासून केलेले औषध मुळावाटे देतो आणि फवारणीही करतो. निंबोळी तेल स्वस्त आहे, घरोघरी मिळते आणि त्याने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. पाण्यात थोडे तेल मिसळून सापाला पुसून काढावे असे मला वाटते. रसायनांच्या मागे लगेच कशाला लागावे?

खारेवारे
माडवालांशी सहमत. खोबरेल तेलही चालेल. तेलाने किड्यांची श्वासाची छिद्रे बुजतात आणि ते गुदमरतात, असे मी ऐकले आहे. पूर्वी पेट्यांमध्ये नुवान ठेवीत असत, तो उपाय फार जालीम होता.

ठाणेकर_देवगडवाला
नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, आणि त्याच्या वापरावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. बंदी नसती तरी बंद पेटीत ठेवण्याची ती वस्तू नव्हती. त्याने किडे मेले तसे सापही मेले आहेत. कोणाच्या माळ्यावर जुनी बाटली उरली असेल तर ती सापाच्या जवळपास नेऊ नये.

खोबरेल तेलाबद्दल सांगायचे तर मी ठाण्यात कॉर्न स्नेक पाळतो आणि माझ्याकडे तो उपाय झालेला आहे. सापाच्या अंगावरचे किडे त्याने मेले, हे खरे. पण तेलकट साप पेटीत सोडला की पेटीतील सगळा भुसा त्याला चिकटतो, पुढची कात तुकड्यातुकड्यांनी उतरते, आणि पेटीच्या कोपऱ्यांत जी अंडी आहेत त्यांना काहीही होत नाही. थोड्याच दिवसांत किडे पुन्हा हजर होतात. खरा शत्रू सापाच्या अंगावर नसून पेटीत आहे.

वैद्यपशू
ठाणेकरांचे शेवटचे वाक्य सर्वांनी लक्षात ठेवावे. मी पशुवैद्य आहे. माझ्याकडे कुत्री, मांजरे आणि गुरे अधिक येतात, परंतु सरपटणाऱ्या प्राण्यांचेही काही रुग्ण पाहतो. येथे लिहितो ते सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष मात्रा तपासणी करणाऱ्या पशुवैद्यानेच ठरवावी.

सापांवरील या माइटचे शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. त्याचे जीवनचक्र समजल्याशिवाय उपचाराचे वेळापत्रक समजत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अंडी, अळी, पहिली अप्सरावस्था (निम्फ, म्हणजे वाढते पिल्लू), दुसरी अप्सरावस्था आणि प्रौढ अशा पाच अवस्था असतात, परंतु रक्त शोषतात त्या केवळ दोन : पहिली अप्सरावस्था आणि प्रौढ. उरलेल्या काळात हा जीव सापावर असण्याची गरजच नसते. पोट भरलेली मादी साप सोडून खाली उतरते, अंधारी, दमट फट शोधते आणि तेथे अंडी घालते. एक मादी आयुष्यभरात साठ ते ऐंशी अंडी घालू शकते. पंचवीस ते तीस अंश सेल्सियस तापमानाला अंडी दोन-चार दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. मादीचा नराशी संयोग झाला नाही तरी ती अंडी घालते आणि त्यांतून नर निपजतात, म्हणजे पेटीत एकच मादी शिरली तरी पुढे वस्ती वाढू शकते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की आज सापाला पुसून स्वच्छ केले तरी फटीतील अंडी, अळ्या आणि कात टाकण्याच्या अवस्थेतील पिल्ले सुरक्षितच राहतात. बहुतेक औषधांचा अंड्यांवर परिणाम होत नाही, म्हणून उपचार दर आठवड्याला आणि किमान दीड महिना करावा लागतो. एकदा औषध लावले, ठिपके दिसेनासे झाले आणि काम संपले असे समजणारा मालक महिन्याभरात पुन्हा दारात उभा राहतो.

गुहागरकरीण
वैद्यपशू, आपण छान समजावले, पण आमच्या कोकणाच्या हवेचे काय? किड्यांना ओलावा आवडतो म्हणता, मग जुलैत आमची सगळी घरेच त्यांच्यासाठी फट झाली की!

वैद्यपशू
गुहागरकरीण, आपला प्रश्न विनोदी वाटला तरी मुद्द्याचा आहे. या माइट्सना सत्तर टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता मानवते, त्याखाली ती जसजशी घसरते तसतसे ते शुष्क होऊन मरू लागतात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सहज पंचाऐंशीच्या वर असते. कोरड्या प्रदेशातील लोक पेटी काही दिवस रिकामी आणि कोरडी ठेवून अर्धे काम साधतात. आपल्याकडे ती सोय पावसाळ्यात मिळत नाही. त्यामुळे आपला भर वाळवण्यावर नसून उष्णतेवर आणि साहित्य कमी करण्यावर असावा. पन्नास-पंचावन्न अंशांचे तापमान हे किडे काही सेकंदांपेक्षा अधिक सहन करू शकत नाहीत. उकळते पाणी हे आपल्याकडचे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे, फक्त ते पेटीला द्यावे, सापाला नव्हे.

तिखटजाळ
शेवटचे वाक्य लिहावे लागले यातच पशुवैद्याचा अनुभव दिसतो.

पावसपाणी
वैद्यपशू, मनापासून आभार. पेटी लाकडी असून समोर काच आहे, तळाशी काथ्याचा भुसा आहे. तो आमच्याच नारळांच्या सोडणांपासून केलेला आहे, म्हणून मला त्याचा अभिमान होता. आता तो टाकून द्यावा का? आणि किडे त्यातूनच आले असतील का?

ठाणेकर_देवगडवाला
भुशातून सापाचे माइट्स येत नाहीत. ओल्या काथ्यात, लाकडाच्या भुशात, इतकेच काय, पावसाळ्यात पुस्तकांच्या पानांतही बारीक फिकट किडे होतात. ते बुरशीवर जगतात आणि सापाला स्पर्श करीत नाहीत. फरक ओळखणे सोपे आहे. फिकट रंगाचे, भुशाच्या पृष्ठभागावर धावणारे किंवा उड्या मारणारे किडे हे घरचे पाहुणे समजावेत. सापाच्या माइटची रक्त प्यालेली मादी काळसर, गोलसर असते आणि संथ चालते. पांढऱ्या टिश्यू कागदावर ती दाबली तर तांबूस डाग उमटतो. आपल्या भांड्याच्या तळाशी होते ते किडे हेच होते असे वर्णनावरून वाटते. ते मावसभावाकडूनच आले असावेत. तेथे दुसरा साप होता का, ते विचारावे.

भुसा मात्र फेकावाच लागेल, कारण तो आता अंड्यांचे कोठार झाला आहे. पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून लगेच जाळावा किंवा दूर पुरावा. परसात पसरू नये.

माडवाला
भुसा माडाच्या आळ्यात टाकल्यास उपयोग नाही का? वाया का घालवायचा?

ठाणेकर_देवगडवाला
माडाला काही होणार नाही, पण माडाच्या आळ्यात ओलावा असतो, बेडूक येतात, त्यांच्या मागे दिवड आणि नानेटी येतात. परदेशी पाळीव सापांवरचा कीटक आपल्या देशी सापांच्या वाटेवर आपणच ठेवावा, हे मला पटत नाही.

सर्पमित्र_मालवण
ठाणेकरांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. मी वन विभागाच्या परवानगीने घरांतून साप पकडून सोडण्याचे काम करतो. पावसाळ्यात दिवसाकाठी दोन-तीन बोलावणी येतात, कधी धामण, कधी नाग, आणि आमच्या बाजूला फुरसेही बरेच. जंगली धामणीच्या अंगावर गोचीड असते, ती डोळ्यांनी स्पष्ट दिसते आणि माइटपेक्षा खूप मोठी असते. त्या दोघांची गल्लत करू नये. गोचीड हा देशी सापांचा जुना साथीदार आहे आणि निरोगी सापाला तिचा सहसा फार त्रास होत नाही.

माझी विनंती अशी की पाळीव सापाला हाताळलेले कपडे, पिशव्या, हुक आणि हातमोजे हे बचावकार्यात अजिबात वापरू नयेत. माझ्या ओळखीत असे लोक आहेत जे सकाळी पाळीव अजगराला खाऊ घालतात आणि दुपारी त्याच पिशवीत धामण पकडतात. पावसपाणी, आपल्याकडे पडवीत एखादी नानेटी आलीच तर तिला या पेटीजवळ फिरकू देऊ नये आणि आपणही तिला हात लावू नये. माझ्यासारख्या कोणाला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

पावसपाणी
नानेटी येत असतात, परंतु पेटी आतल्या खोलीत आहे. सूचना लक्षात ठेवीन.

वैद्यपशू
आता पेटीकडे वळू. लाकडी पेटी हा या प्रसंगात सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण तिच्या सांध्यांत, बिजागऱ्यांत आणि काचेच्या खाचेत अंडी घातली जातात. उपचार होईपर्यंत साप एका साध्या, झाकणाच्या, हवेची भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या टबात ठेवावा. तळाशी भुसा नको, पांढरा कागद घालावा म्हणजे काळा ठिपका लगेच दिसतो आणि कागद दररोज बदलता येतो. लपण्यासाठी पुठ्ठ्याचा खोका चालेल, तोही दररोज किंवा दिवसाआड टाकून नवा घ्यावा. लाकडी ओंडके, फांद्या, कृत्रिम वेली वगैरे सजावट बाजूला करून काही महिने परत आणू नये. बॉल पायथनला लपायला एक घट्ट जागा मिळाली की त्याला सजावटीची फारशी चाड नसते, ती मालकाला असते.

टब दर आठवड्याला उकळत्या पाण्याने धुवावा. लाकडी पेटी वापरायचीच असेल तर वाफ देता येते, परंतु सांधे भरलेले असल्याखेरीज मी तिच्यावर विसंबणार नाही.

खारेवारे
फिनेलने पुसले तर? आमच्याकडे फरशीला तेच लागते.

वैद्यपशू
कृपया नको. फिनेलमधील फिनोल-गटातील द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात, आणि साप फरशीला पोट टेकून चालतो. पावसपाणी यांच्या मातोश्रींचा कापूर आणि डांबरगोळ्याही याच कारणाने वर्ज्य आहेत. बंद पेटीत त्यांची वाफ साचते आणि ती श्वासावाटे आत जाते. मातोश्रींना सांगावे की कापूर देवघरात शोभतो.

पावसपाणी
मातोश्रींना निरोप पोचवला. त्या म्हणाल्या, देवघरात साप नाही म्हणूनच कापूर पेटीत घालायचा होता.

माडवाला
निंबोळीबद्दल मात्र अजून समाधान झालेले नाही. आपण तेलकटपणाचे कारण दिले, ते मान्य. परंतु पाण्यात मिसळून, साबणाने फोडून, अगदी सौम्य केले तर? झाडांना आम्ही तसेच देतो.

वैद्यपशू
माडवाला, झाडावर निंबोळी काम करते ती किडीची भूक मारते आणि वाढ रोखते म्हणून, आणि झाडावर काही दिवसांचा विलंब चालतो. सापासाठी तिची मात्रा निश्चित झालेली नाही, बाजारातील तेलांची तीव्रता एकसारखी नसते, आणि पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खळग्या असतात, तेथेच माइट्स सर्वांत अधिक बसतात. त्या खळग्यांत उग्र तेल जाऊ देण्याची जोखीम मी घेणार नाही. आपल्या माडांवर मात्र ते निश्चिंतपणे वापरावे.

ठाणेकर_देवगडवाला
आंघोळीबद्दल कोणी सांगितले नाही, म्हणून मी सांगतो. कोमट पाणी, तीस अंशांच्या आसपास, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंत, आणि त्यात काही थेंब बिनवासाचा सौम्य भांड्यांचा साबण. दहा-पंधरा मिनिटे पुरतात, तेवढ्या वेळात समोरून हलू नये. त्याने पुष्कळ किडे बुडतात, पण सारे नव्हेत, कारण सापाचे डोके पाण्याबाहेर असते आणि किडे डोक्याकडे चढतात. आंघोळीनंतर ओल्या, मऊ कापडाने डोके, हनुवटीची खाच, ओठांवरचे खळगे आणि शेपटीखालचा भाग पुसावा. मी कापसाची काडी वापरतो. डोळ्याच्या कडेचा किडा जबरदस्तीने खरवडू नये, डोळ्यावरची काच म्हणजे खवलाच असतो, तो दुखावतो. मऊ ओल्या काडीने हळूच सरकवला की तो स्वतःच बाहेर येतो.

गुहागरकरीण
मी स्पष्ट विचारते. मांजरांचे काय? कोंबड्यांचे काय? आमच्याकडे कोंबडीच्या पिसवांनी एकदा घर डोक्यावर घेतले होते, आणि पावसपाणी यांच्या आईंना जे वाटत असेल ते मला कळते.

वैद्यपशू
मांजर हाच खरा काळजीचा मुद्दा आहे, परंतु माइट्समुळे नव्हे तर औषधांमुळे. परदेशात सापांच्या माइट्सवर वापरले जाणारे परमेथ्रिन मांजरांना अतिशय घातक ठरते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या पावडरी, शाम्पू आणि थेंब यांतही कित्येकदा हेच किंवा याच वर्गातील द्रव्य असते. ते सापाच्या पेटीवर फवारून मांजराच्या वाटेत ठेवणे म्हणजे एका प्राण्यासाठी दुसऱ्याचा बळी देणे होय. माशांनाही हा वर्ग फार विषारी आहे, म्हणून असे औषध धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा पऱ्यात कधीही ओतू नये.

सापाचे माइट्स कोंबड्यांवर वस्ती करीत नाहीत आणि कोंबड्यांच्या पिसवा सापावर टिकत नाहीत. सापाच्या माइट्सचा उपद्रव माणसाला होऊ शकतो, ते चावतात आणि अंगावर खाजरे पुरळ उठल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत, पण माणसाच्या रक्तावर ते आपली पिढी वाढवीत नाहीत. सापाचा प्रश्न सुटला की माणसाचाही सुटतो.

कायदेकानू
औषधे कोणती मिळतात तेही सांगावे, अन्यथा सर्वजण उकळत्या पाण्याजवळच थांबतील.

वैद्यपशू
फिप्रोनिलचा फवारा पशुवैद्यकीय दुकानांत कुत्र्यांसाठी मिळतो. सापावर थेट फवारू नये, त्यातील अल्कोहोल आणि सोबतची द्रव्ये दाह करतात. कापडावर थोडे घेऊन अंग पुसतात, डोळे आणि तोंड टाळतात, पाण्याचे भांडे एक दिवस काढून ठेवतात आणि टबाला भरपूर हवा मिळू देतात. घरात ससा असेल तर त्याला या औषधाचा स्पर्शही होता कामा नये. दुसरा पर्याय आयव्हरमेक्टिन. त्याचे एक लिटर पाण्यात काही मिलिग्रॅम मिसळून केलेले पाणी काही पशुवैद्य बाहेरून फवारतात. येथे धोका असा की गावोगावी गुरांसाठी मिळणारे इंजेक्शन एक टक्का तीव्रतेचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, आणि छोट्या मापांत चूक झाली की प्राणी जातो. कासवांसाठी तर आयव्हरमेक्टिन जीवघेणे आहे. गोठ्यातील बाटली उचलून अंदाजाने वापरू नये, हे मी हात जोडून सांगतो.

साप भुकेला, अशक्त, फिकट वाटत असेल, तोंडातून बुडबुडे येत असतील किंवा श्वासाला आवाज येत असेल तर औषध मागे राहू द्यावे आणि आधी तपासणी करावी. फार मोठ्या प्रमाणात माइट्स असतील तर रक्तक्षय होतो, आणि हे किडे एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचा प्रसार एका सापाकडून दुसऱ्याकडे करतात.

खारेवारे
परदेशात या माइट्सना खाणारे दुसरे माइट्स विकत मिळतात, असे वाचले. चोराला चोर लावायचा.

वैद्यपशू
स्ट्रॅटिओलीलॅप्स नावाचे, मातीत राहणारे शिकारी माइट्स ते. काही पाळणारे त्यांची स्तुती करतात, कारण विष लागत नाही. पण ज्या पेटीत औषध मारले आहे तेथे तेही मरतात, आणि पांढऱ्या कागदाच्या टबात त्यांना राहायला माती नसते. त्यामुळे दोन पद्धती एकत्र चालवता येत नाहीत, एकच निवडावी लागते. आपल्या प्रकरणात मी टब आणि औषधाची पद्धत निवडेन.

तिखटजाळ
एवढे वाचून मला माझ्या उशीला खाज सुटली आहे. आता एखादी सोपी गोष्ट विचारावी : उपचार चालू असताना सापाला खायला घालावे का?

ठाणेकर_देवगडवाला
तिखटजाळ यांचा प्रश्न सोपा नाही, चांगला आहे. बॉल पायथन नव्या जागी आल्यावर आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो, त्याला हात जोडूनही काही होत नाही. अंगावर किडे असताना, औषध लावलेल्या दिवशी आणि कात टाकण्याच्या दिवसांत मी खायला घालीत नाही. किडे कमी झाले की भूक परतते. गोठवून वितळलेला उंदीरच द्यावा, कारण जिवंत उंदराच्या चाव्याने आधीच खवले दुखावलेल्या सापाला नवी जखम होते.

पावसपाणी
अद्ययावत माहिती देतो. पेटी वापरणे बंद केले आहे, भुसा दूर खड्ड्यात पुरला आणि वर जाडसर माती टाकली. टब, कागद आणि खोका या पद्धतीने साप ठेवला आहे. आंघोळीनंतर कापडावर उतरलेले ठिपके मोजण्याच्या पलीकडचे होते, परंतु पहिल्या आठवड्यानंतर कागदावरचे ठिपके फारच कमी झाले. सापाला भांड्यात बसून राहण्याची सवय राहिलेली नाही, तो आता खोक्यात झोपतो. शहरातील एका पशुवैद्यांनी तपासून फिप्रोनिल कसे वापरावे ते दाखवले. विशेष म्हणजे त्यांनी त्याच्या ओठांवरच्या खळग्या भिंगाने दाखविल्या आणि दोन खळग्यांत एकेक ठिपका अगदी आत रुतून बसलेला होता; आंघोळीत तो सुटणे शक्यच नव्हते.

मावसभावाकडे आणखी एक साप होता आणि तो तिसऱ्या व्यक्तीकडे गेला आहे. त्यांना कळवले आहे.

आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. हवेचा ओलावा मला आवरता येत नाही, आणि सप्टेंबरपर्यंत पाऊस आहे. साप अजून किती काळ टबात ठेवावा?

वैद्यपशू
खळग्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे, ते पुढील प्रत्येक वेळी भिंगाने करावे. घरातील हवेचा ओलावा आवरण्याची गरज नाही, कारण कागदाच्या टबात अंडी घालायला जागाच उरत नाही. सगळी मेहनत त्या एका गोष्टीसाठी आहे. टबातील आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, कारण फार कोरडे केले तर सापाचीच कात अडते. भोके थोडी वाढवावीत, कोमट जागा एकतीस-बत्तीस अंशांवर ठेवावी. कागदावर शेवटचा ठिपका दिसल्यापासून दीड महिना उलटेपर्यंत आणि या काळात निदान एक कात अखंड उतरेपर्यंत टबातून काढू नये. पाळलेल्या सापांसाठी नव्वद दिवसांचे विलगीकरण सर्वसाधारणपणे सांगतात, एकूण मुदतीसाठी तोच हिशेब धरावा. उतरलेली कात फेकण्याआधी पाण्यात पसरून पाहावी. डोळ्यांच्या जागी आणि हनुवटीवर किडे अडकलेले असल्यास तेथे दिसतात.

पावसपाणी
कात उतरली की छायाचित्र येथे चढवीन. सध्या डोळे निळसर झाले आहेत, त्यामुळे लवकरच उतरेल असे दिसते. लाकडी पेटी विकायची आहे, पण आधी वाफ देऊन, सांधे भरून मगच देईन, आणि घेणाऱ्याला कारणही सांगेन.

माडवाला
पेटी मला द्यावी. आंब्याची रोपे ठेवायला उपयोगी पडेल, आणि आंब्याला सापाचे माइट्स लागत नाहीत, इतके आता मला कळले आहे.